पहिल्या वाटीचा मानकरी

पहिलं गिऱ्हाईक कसं येतं त्यावर दुकानाचा दिवस ठरतो, हे ह्वे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हलक्या सावलीचा माणूस आला की उन्हं चढायच्या आत पातेलं रिकामं. जड सावलीचा आला की दिवसभर माश्या मारत बसा. म्हणून झाहोई पुलापलीकडच्या आमच्या गल्लीत बोहनीची गोष्ट कोणी नशिबावर सोडत नसे. सगळे तोआईकाकांना बोलावत.

तोआईकाका म्हणजे जन्मभर सायकलरिक्षा चालवून खारकेसारखा वाळलेला माणूस. डोक्यावर निळी कापडी टोपी, पायात रबरी चपला, आणि नाक कायम कुणाच्या तरी पातेल्यावर. पहाटे कोपऱ्यावर चूल मांडणाऱ्या लायच्या बुन बोची, म्हणजे मांसाच्या तिखट रश्शातल्या शेवयांची, पहिली वाटी त्यांची. थोड्या वेळाने खांद्यावर कावड घेऊन नूआजी यायची, तिच्या तिसऱ्या-शिंपल्यांच्या गार भाताचा पहिला घास त्यांचा. दुपार कलली की तांदळाच्या पिठाचे चिमुकले बान्ह बेओ, वर जवळ्याची भुकटी, तेही बशीभर आधी काकांना. दिवेलागणीला कमळाच्या बियांची खीर. वाटी अर्धी, दाम अर्धा, पण दाम रोख आणि घासाघीस नाही. फुकट दिलं तर ती बोहनी कसली? असा सगळा दिवस माणूस गल्लीभर मानाने जेवायचा आणि तरी अंगाला काही लागायचं नाही. लोक म्हणत, खाल्लेलं सगळं दुकानदाराच्या नशिबाला जातं.

हा मान सुरू झाला लायच्या सासूपासून. एका वर्षी पूर ओसरला, गल्लीत गुडघाभर गाळ, आणि म्हातारीने फळीवर चूल मांडून पातेलं चढवलं होतं. कोणी फिरकेना. काका रात्रपाळीची रिक्षा ढकलत आले, बसले, खाल्लं आणि उठले. आणि बघता बघता पातेलं संपलं. म्हातारीने दुसऱ्या दिवशी त्यांना हाक मारली, तिसऱ्या दिवशी मारली, आणि मग ती बातमी कावडीकावडीने गल्लीभर गेली.

त्यांच्या बायकोला, थिनकाकूला, हे सगळं ऐकून हसू आवरत नसे. ती घरात बसून ताडाच्या पानांच्या टोप्या शिवायची आणि सुईइतकंच टोकदार बोलायची.

"अहो, तुमच्या मागून रिक्षावाल्यांचं अख्खं टोळकं खायला आलं होतं. पातेलं रिकामं होणार नाही तर काय भरून वाहणार?"

"त्या दिवशी आलं. पण रोज कुठे येतं?"

"रोज लायचा रस्सा चांगला असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्यात कावळ्याने एवढं फुगू नये."

काका फुगत नव्हते असं नाही, थोडे फुगतच. पण त्याहून जास्त त्यांना कुतूहल होतं. मुळात माणूस चौकस. रश्शात गवती चहा आधी पडतो की नंतर, मुरवलेल्या कोळंबीचा रगडा पाण्यात कालवून निवळ का घेतात, रक्ताची वडी फुटत कशी नाही, असले प्रश्न विचारून त्यांनी लायचं डोकं पुरतं उठवलं होतं. तोच चौकसपणा त्यांनी स्वतःवरही लावला. माझ्यात असं आहे तरी काय? एकदा डावा पाय आधी टाकून बघितला. एकदा आंघोळ न करता गेले. एकदा मुद्दाम वाईट तोंड करून, एक शब्द न बोलता खाल्लं. पातेलं त्या दिवशीही संपलं. म्हणजे जे काही आहे ते पायात नाही, अंगावर नाही, तोंडातही नाही. मग कुठे आहे? हा प्रश्न त्यांना रात्री अंथरुणावर पडल्यावरही सुचायचा, आणि थिनकाकू कूस बदलून म्हणायची, "रश्शात आहे, रश्शात. झोपा."

उन्हाळ्याच्या तोंडावर थिनकाकू गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि तिला घेऊन गेला. काकांना मूलबाळ नव्हतं. गल्लीने सगळं केलं. लायने चूल बंद ठेवून तीन दिवस त्यांच्या अंगणात भांडी घासली, नूआजीने भिक्षूंसाठी शाकाहारी स्वयंपाक रांधला. आणि एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत काका घराबाहेर पडले नाहीत. पडून करायचं काय? आमच्याकडे घरात मरण झालेल्या माणसाची सावली जड. शर्टावर काळी चिंधी टाचलेली असेपर्यंत, म्हणजे वर्षभर, त्याने कोणाच्या दारात पहिलं पाऊल टाकू नये. नव्या वर्षाला नाही, लग्नाला नाही, बोहनीला तर नाहीच. हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. हे नियम तेच चार लोकांना सांगत आले होते.

विधी झाला, भिक्षू गेले, भांडी परत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांना जाग आली तेव्हा घर इतकं शांत होतं की त्यांना बसवेना. त्यांनी थिनकाकूच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, खुंटीवरचा शर्ट चढवला, टोपी घातली आणि बाहेर पडले. जरा नदीपर्यंत जाऊन येऊ, एवढंच डोक्यात होतं. पण इतक्या वर्षांची सवय. वळणावर गवती चहाचा वास आला आणि पाय आपोआप वळले. पुढच्या क्षणी काका आपल्या नेहमीच्या बुटक्या लाल स्टुलावर बसलेले होते.

त्यातून दिवस होता चांद्र महिन्यातला दुसरा. पहिल्या तिथीला लाय मांसाचं काही विकत नाही, त्यामुळे द्वितीयेची पहिली वाटी म्हणजे नुसत्या दिवसाची नाही, अख्ख्या महिन्याची बोहनी. लायने मान वर केली. तिची नजर काकांच्या तोंडावर गेली, मग शर्टावर गेली, आणि पळी जागीच थांबली.

"आलात काका?"

"आलो बाई. जरा वाढ. तिखट घाल चांगलं, जिभेला काही कळेनासं झालंय."

लायने वाढलं. शेवया, मांसाचे काप, पायाचा तुकडा, वर कांद्याची पात आणि तिखटाचं लाल तेल. काकांनी खाल्लं. कितीतरी दिवसांनी जेवण गळ्याखाली नीट उतरलं. एरवी बडबडून कान किटवणारी लाय आज गप्प होती, पण घरात नुकतंच मरण झालेल्या माणसाशी लोक गप्पच राहतात, म्हणून त्यांना वेगळं वाटलं नाही. पैसे ठेवून ते उठले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि डोक्याला वारा लागला तेव्हा लक्षात आलं, टोपी स्टुलावरच राहिली.

परत फिरले आणि कोपऱ्यावरच थबकले.

लाय वाकून उभी होती. हातात वर्तमानपत्राचा पेटता बोळा. काका बसले होते त्या स्टुलाभोवती ती तो ओवाळत होती, मग पातेल्याभोवती, मग चुलीच्या पायाशी, आणि ओठांत पुटपुटत होती, "बरं असेल ते राहू दे, वाईट असेल ते जाऊ दे."

काकांनी खाली मान घालून आपल्या छातीकडे पाहिलं. काळी चिंधी तिथेच होती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला असता तरी बरं होतं. पण राग कुणाचा करायचा? ती बिचारी चुकली कुठे? उठ म्हणाली नाही, पाठवून दिलं नाही. पोटभर वाढलं आणि पाठ फिरल्यावर करायचं ते केलं. तिच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. चुकले होते ते. महिन्याच्या बोहनीला, जिच्या सासूने त्यांना पहिला मान दिला तिच्याच चुलीपुढे, ते सुतक घेऊन बसले होते.

समोर बदामाच्या झाडाखाली दिन्ह न्हाव्याची खुर्ची होती. फांदीला आरसा, बुंध्याला खिळा, खिळ्याला टॉवेल. काका गुपचूप जाऊन त्या खुर्चीत बसले.

"दाढी करू?" दिन्हने विचारलं.

"नको."

"मग केस?"

"केस कुठायत?"

"मग बसलायस कशाला? गिऱ्हाईक येईल माझं."

"मला लायचं पातेलं बघायचंय," काका म्हणाले, आणि झालेलं सगळं सांगून टाकलं.

दिन्हने वस्तरा पट्ट्यावर घासता घासता ऐकलं. "बरं. मग आता बघून काय करणार?"

"संपतं का बघणार."

"आणि संपलं तर?"

तेव्हाच काकांना कळलं की आपण कुठल्या कात्रीत सापडलोय. पातेलं संपलं, तर त्यांच्या जड सावलीने लायचं वाकडं झालं नाही. उत्तम. पण मग इतकी वर्षं त्यांच्या हलक्या सावलीने कुणाचं काही सरळ केलं होतं ते कशावरून? थिनच खरी ठरली. गल्लीभर मिरवलेला तो मान नुसता कावळ्याचा. आणि पातेलं नाही संपलं, तर मात्र त्यांच्यात खरोखर काहीतरी होतं. आहे. फक्त आता ते विष झालंय, आणि पहिल्यांदा भोवलं ते लायला. दोन पोरी शिकतायत तिच्या.

"तुला काय व्हायला हवंय?" दिन्हने विचारलं.

"संपायला हवं," काका म्हणाले. मग खाली बघत, "बहुतेक."

गिऱ्हाईकं येईनात. नेहमीची शाळेतली बाई आली नाही. दुचाकीवरून येणारे दोघे भाऊ आले नाहीत. काकांना भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत एक बारीकशी गुदगुलीही होती. बघ थिन, बघ, होतं की नाही काही? आणि लगेच त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी आरशाकडे पाठ केली.

"एक माणूस नाही रे आलं," ते म्हणाले. "माझ्यापायी."

"तुझ्यापायी कशाला? तिकडे गल्लीच्या तोंडाशी बघ. नळाच्या पाइपासाठी चर खणलाय. गाड्या सगळ्या पलीकडून वळतायत."

काकांनी मान लांब केली. खरंच होतं. पहाटे रस्ता सरळ होता आणि आता आडवा चर, मातीचा ढीग आणि ढिगावर बसून विडी ओढणारे मजूर.

"आजच खणायचा होता?" काका म्हणाले. "आजच का?"

"मग काय, तुझी सावली कुदळ घेऊन गेली होती?"

"तसं नाही. पण आजच का, हे सांग ना."

दिन्हने हात टेकले. सावलीने माणसं अडतात की चराने, आणि चर सावलीनेच पडला नसेल कशावरून, यावर त्यांची चांगलीच जुंपली. एवढ्यात लायने पातेल्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं आणि पुन्हा ठेवलं. नुसतं तेवढंच. पण झाकण ठेवताना तिचे खांदे कसे पडले ते काकांनी रस्त्यापलीकडून पाहिलं, आणि त्यांचं सगळं कुतूहल एका झटक्यात ओसरलं.

"खड्ड्यात गेली सावली," म्हणत ते उठले.

चराशी पोचले तर पलीकडे भाड्याच्या सायकली धरून दोन परदेशी उभे. एक उंच बाई, एक लालबुंद बाप्या, आणि हातातल्या मोबाइलवर ह्वेमध्ये काय काय खायचं त्याची चित्रं. बोट बुन बोवर, नजर चरावर. जन्मभर प्रवासी वाहिलेल्या काकांकडे त्या लोकांच्या भाषेचे पाचसहा शब्द शिल्लक होते. "सूप! बेस्ट! देअर!" ते ओरडले. मजुरांकडून दटावून एक फळी मागून घेतली, चरावर टाकली, सायकली एकेक करून अलीकडे आणल्या आणि बाईला हात देऊन उतरवलं. लायकडे मात्र स्वतः गेले नाहीत. लांबूनच बोट दाखवलं.

मग ते फळीपाशीच उभे राहिले. दुचाकीवाले वळायला लागले की हे आडवे. "इकडून ये ना, फळी आहे. अरे पडत नाहीस, मी धरतो. आणि उतरलायस तर खाऊनच जा, आज पाया इतका मऊ शिजलाय की हाड चोखायची गरज नाही!" शाळेतली बाई लांबच्या वाटेने निघाली होती, तिला हाका मारून परत आणली. मजुरांना म्हणाले, "विडीने पोट भरतं का रे?" आणि चौघांना पिटाळलं. उंच बाईने आणखी एक वाटी मागितली, तिला बघून दुसरे प्रवासी थांबले. सूर्य डोक्यावर यायच्या बराच आधी लायने पातेलं आडवं करून पळीने तळ खरवडला.

घामाने निथळत काका बदामाखाली परत आले.

"संपलं," ते म्हणाले.

"संपलं नाही, तू संपवलंस," दिन्ह म्हणाला. "आता सावलीचा निकाल कसा लागायचा? जन्मात एकदा खरं काय ते कळायची वेळ आली होती, ती तू फळी टाकून घालवलीस."

हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारी लाय त्यांच्या दारात आली. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात आधीच बाजूला काढून ठेवलेली, झाकलेली वाटी. थेट आत गेली, वाटी थिनकाकूच्या फोटोपुढे ठेवली, उदबत्ती लावली, वर तिखटाचे दोन चमचे जास्तीचे घातले. थिनकाकूला तसंच लागायचं. मग येऊन उंबऱ्यावर बसली.

"पाहिलंत ना मला सकाळी?"

"पाहिलं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं," काका म्हणाले. "पण तू धूर वाऱ्याच्या उलट धरला होतास. सगळा तुझ्याच डोळ्यांत जात होता."

लाय हसली आणि हसता हसता रडायला लागली. "काका, मी काय करू? सासूने शिकवलं, मला नाही आवरत हात. कागद जाळला नाही तर दिवसभर जीव वरखाली होतो. पोरींचं तोंड दिसतं समोर. भीतीच वाटते हो."

"वाटणारच. चूक माझी. म्हणून आता वर्षभर मी यायचा नाही. चिंधी निघेल तेव्हा येईन. दिन्हला बोलाव बोहनीला, त्याची सावली बरी आहे. तोंड नाही, पण सावली बरी आहे."

"आणि तुम्ही कुठे खाणार?"

"खाईन घरी. भात टाकता येतो मला."

लायने डोळे पुसले. चुलीपाशी पाहिलं. थंड चूल, पालथं भांडं, ताटलीत दोन केळी. ही केळी काल फोटोपुढे ठेवलेली होती.

"वर्षभर हे खाणार?"

काकांनी ताटली मागे सरकवली.

"दिन्हला बोलावलं होतं मी," लाय म्हणाली. "थिनकाकू गेल्यापासून तोच येतोय. वाटी भरभर संपवतो, पैसे टाकतो, जातो. पातेलं संपतं माझं, खोटं कशाला बोलू. पण गवती चहा आधी घातलास की नंतर, हे विचारायला कोणी नाही. मला स्वतःलाच आता आठवत नाही मी कधी घालते ते." ती उठली. "उद्या या."

"अगं, चिंधी..."

"चिंधी घालूनच या. काढू नका तिच्या नावाची."

"मग तू पुन्हा कागद जाळशील."

"जाळीन," लाय म्हणाली. "पण तुमच्या पाठीमागे नाही."

रात्रभर काकांना झोप नाही. जावं की न जावं? गेलो आणि तिचं वाईट झालं तर? नाही गेलो तर हे घर, ही केळी आणि भिंतीवरून बघणारी थिन. शेवटी पहाटे त्यांनी फोटोलाच विचारलं, "काय करू?" फोटो काय बोलणार? पण जिवंत असती तर ती काय म्हणाली असती हे त्यांना नीट ऐकू आलं, आणि त्यांनी शर्ट चढवला.

लाय वाटच बघत होती. चूल पेटलेली, पातेल्याला उकळी आलेली, आणि लाल स्टुलापुढे जमिनीवर वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला बोळा. काका त्याच्या अलीकडे उभे राहिले. लायने काडेपेटी त्यांच्याच हातात दिली.

"तुम्हीच लावा. वारा कुठून येतो ते तुम्हाला जास्त कळतं."

काकांनी वाऱ्याची दिशा पाहिली, बोळा जरासा सरकवला, वाकून काडी ओढली. कागद धडधडून पेटला. समोर बदामाखाली दिन्ह वस्तरा हातात धरून आ वासून बघत होता. लाय मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरं असेल ते राहू दे! वाईट असेल ते जाऊ दे!"

काकांनी जाळावरून पाय टाकला. एक, मग दुसरा. पोटऱ्यांना चटका बसला. पलीकडे जाऊन ते तसेच उभे राहिले, श्वास धरून, खाली बघत. आपल्यातलं नक्की काय जातंय आणि काय राहतंय ते बघायची त्यांना खरोखर उत्सुकता होती, आणि खरोखर भीती. कागदाची राख झाली. धूर पुलाकडे गेला. काका तिथेच होते.

"बसा आता," लाय म्हणाली. "शेवया फुगतायत."